सरांचं मॉडर्न घर

आमच्या नंदुरबारच्या ऑफिसात नकाशे वर्षाला चार बनतात, किस्से आठवड्याला दोन. नकाशे गिऱ्हाईक घेऊन जातं. किस्से आपल्यालाच सांभाळावे लागतात.

मी ड्राफ्ट्समन, सर आर्किटेक्ट. तरुणपणी महिनाभर युरोपातल्या मॉडर्न इमारती बघून आले, तेव्हापासून त्यांचा एकच ध्यास. रिटायर व्हायच्या आधी जिल्ह्यात एक तरी अस्सल मॉडर्न घर उभं करायचं. नक्षी नाही, रंग नाही, मधल्या भिंती नाहीत! माणूस सोन्यासारखा, पण या विषयावर सुटला की समोरच्याचा चहा गार होतो.

*

खापर गावातल्या एका कापड दुकानाला सरांनी समोरून अख्खी काच दिली. मे महिन्यात बघायला गेलो, तर शेठ रस्त्यापलीकडे लिंबाखाली खुर्ची टाकून बसलेले.

"कसं वाटतंय दुकान?"

"बाहेरथून भारी दिसस," शेठ म्हणाले. "म्हनीसन मी बाहेरच बसस!"

*

शहाद्याच्या आप्पांकडे बैठक आणि स्वयंपाकघर सरांना एकच करायचं होतं. "पाहुण्यांशी गप्पा मारत स्वयंपाक करा!" असं ते आप्पांच्या बायकोला म्हणाले.

"पाव्हना उना म्हंजे त्यानीच तं गोष्ट आम्ही सयपाकघरमा करतस," काकू म्हणाल्या. "भित नई ऱ्हायनी तं कोठे कराणी?"

मी नकाशावर भिंत परत आखली.

त्याच घरात बाहेरची एक भिंत उघड्या काँक्रीटची ठेवायला आप्पा कसेबसे कबूल झाले. वास्तुशांतीला त्यांनी सरांना शाल दिली, नारळ दिला आणि हळूच कानाशी लागले. "सर, बठ्ठं भारी शे. पण त्या भितनं प्लास्टर बाकी शे ना?"

*

तळोद्याच्या डॉक्टरांना सरांनी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सलग खिडकी दिली. महिन्यानं गेलो तर तिला लोखंडी जाळी, आणि जाळीत सात मोर.

"जाळी समजू शकतो," सर म्हणाले. "पण मोर?"

"वेल्डरला दुसरं काही येत नाही," डॉक्टर म्हणाले.

*

मग मोलगीचे एक मास्तर आले. सरांनी युरोपात काढलेले इमारतींचे जुने फोटो बघून म्हणाले, "असंच्या असं बांधा." सरांना त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतः बसून पुठ्ठ्याचं मॉडेल केलं.

सहीच्या दिवशी मास्तरांनी वडिलांना सोबत आणलं. त्यांचं मूळ गाव मणिबेलीकडचं, धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. म्हातारा भिलीत बोलायचा, मास्तर मराठीत सांगायचे.

"बाबांना सांगा," सर म्हणाले, "भिंतींवर कसलाच भार नाही. सगळा खांबांवर."

म्हातारा ऐकून हसला. मास्तर म्हणाले, "बाबा म्हणतात, आमचंही तसंच होतं. खांब सागाचे, भिंत नुसती बांबूची."

"ऐकलंस?" सर माझ्याकडे वळले. "इतक्या वर्षांत पहिला माणूस, ज्याला हे कळलं!" डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, खोटं नाही सांगत. मलाही बरं वाटलं. त्यांनी मास्तरांपुढे पेन ठेवलं.

म्हाताऱ्यानं मॉडेलचा एक खांब बोटानं हलवून पाहिला आणि काहीतरी विचारलं. मास्तरांनी उचललेलं पेन परत खाली ठेवलं.

"काय म्हणतात?"

"विचारतात, खांब सुटे होतात का. पाणी चढलं तेव्हा आम्ही घर खोलून खांद्यावरून डोंगरावर नेलं होतं. हे कसं न्यायचं?"