काखेत पोचलेली वर्दी

परवा दंडात काविळीची लस घेतली. आज आंघोळ करताना साबणाचा हात काखेत थबकला. गाठ! कॅन्सरच, असं मनात आलं. ओल्या केसांनीच शेजारच्या नर्सबाईंकडे धावले.

त्यांनी चाचपून पाहिलं. "अहो, लशीत तुरटीच्या जातीचा क्षार असतो. तो दंडातल्या पेशींना डिवचतो, मग त्या काखेतल्या ग्रंथीला वर्दी देतात. तिथे रोगाशी लढणाऱ्या पेशींची फौज जमते, म्हणून सूज. उतरेल. नाहीच उतरली तर डॉक्टरांना दाखवू."

तुरटी? बाबा दाढीनंतर गालावर फिरवायचे ती? दोन दिवस मी निवांत भाजी निवडत होते, मालिका बघत होते, आणि माझ्या आत ही केवढी धावपळ!

घरी येऊन पुन्हा काखेत हात घातला. माझ्यासाठी जमलेल्यांनाच मी मरण समजले होते.