रोज एक टाका

माझ्या पायाला भिंगरी आहे असं माझी आई म्हणायची, आणि लग्नानंतर आठ दिवसांत बायकोही म्हणायला लागली. चौतीस वर्षं दिल्लीत सरकारी नोकरी केली, पण फाइल मी खुर्चीत बसून क्वचितच वाचली. ती हातात घेऊन कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत वाचायचो. निवृत्तीनंतर नोएडाला राहायला गेलो तेव्हा सकाळ-संध्याकाळ मिळून दहा किलोमीटर चालणं ठरलेलं. अशा माणसाला एका नोव्हेंबरात मुलीच्या आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये, दोन खोल्यांत, कोंडून घालण्यात आलं.

कारणं दोन होती. मुलीला सव्वीस आठवडे पूर्ण झाले आणि डॉक्टरीणबाईंनी तिला पलंगावरून उठायची बंदी केली, म्हणून आम्ही दोघं मदतीला तिच्याकडे आलो. दुसरं कारण बाहेरची हवा. दिवाळीनंतर ती इतकी खराब झाली की समोरची बिल्डिंग दुपारीही नीट दिसेना. "बाबा, तुम्ही फिरून खोकला घेऊन याल आणि मला द्याल," मुलगी म्हणाली. "मला खोकायचं नाहीये." चपला कोपऱ्यात गेल्या.

दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं होतं. त्याबद्दल घरात कोणी चकार शब्द काढत नव्हतं, पण मी, बायको, मुलगी आणि जावई, चौघंही दिवस मोजत होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "चौंतीस हफ्ते निकाल लो, फिर मैं भी आराम से सोऊंगी." आठ आठवडे काढायचे होते. मी हॉलमधून स्वयंपाकघरात जायचो, गॅस बंद आहे ना ते बघायचो, परत हॉलमध्ये येऊन एअर प्युरिफायरचा आकडा बघायचो, मग पुन्हा गॅस.

चौथ्या दिवशी मुलगी वैतागली. "बाबा, बसा ना यार. तुमच्याकडे बघून माझेच पाय दुखायला लागलेत." तिने उशीखालून क्रोशाची सुई आणि उरलीसुरली लोकर काढली. ऑफिसातल्या मैत्रिणीने तिला वेळ घालवायला दिली होती, पण पडल्या पडल्या तिचे हात भरून यायचे. "हे करा. बिल्कुल सोप्पं आहे, फोनवर व्हिडिओ आहे."

"रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी," बायको दारातून म्हणाली.

तिला क्रोशाचं सगळं येत होतं. साखळी कशी, खांब कसा, मुका खांब कोणता, असे सगळे टाके तिने दुरूनच सांगितले. मुलगी हसायला लागली. "मुका? म्हणजे किस ना?" दिल्लीत वाढलेल्या पोरीला मुका म्हणजे न बोलणारा हे कुठून ठाऊक असणार. पण बायकोने स्वतः सुईला हात लावला नाही. मी दोनदा सुई पुढे केली, दोन्ही वेळा ती कोथिंबीर निवडायला निघून गेली. मला वाटलं, नेहमीचा हट्ट.

कारण तिचा एक नियम होता. बाळ यायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही आणायचं नाही, काही करून ठेवायचं नाही. डोहाळजेवणसुद्धा तिने होऊ दिलं नाही. "हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?" मी विचारलं. ती म्हणाली, "माझ्या." मी तिची पोटभर चेष्टा केली. शेवटी तडजोड निघाली. मी जे करणार ते पट्ट्यापट्ट्यांचं बाळाचं पांघरूण आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्याला मफलर म्हणायचं.

रविवारी जावई घरी होता म्हणून आम्ही दोघं मेट्रोने करोल बागेत लोकर आणायला गेलो. मी पिवळी, पांढरी आणि पिस्ता रंगाची मऊ लोकर निवडली. दुकानदाराने विचारलं, काय बनवायचंय? मी म्हटलं, "मफलर."

"बेबी वूल का मफलर?" तो हसला. "छुपाओ मत अंकल. पहला है?"

"हां जी, पहला," मी म्हणालो. खोटं सापडल्यावर मलाही हसू आलं. मागे वळून पाहिलं तर बायको दुकानाबाहेर जाऊन उभी होती.

पहिली एकशे दहा टाक्यांची साखळी घालायला मला तीन दिवस लागले. बोटं आखडायची, सुई निसटायची, लोकर घामाने काळपट व्हायची, आणि व्हिडिओतली बाई गोड हसत पुढच्या पायरीवर गेलेली असायची. मी तिला उघड उघड शिव्या दिल्या. पण एकदा खांब जमायला लागले तसा मी मनाशी एक हिशेब बांधला. रोज एक ओळ. सात ओळी एका रंगाच्या. म्हणजे एक पट्टा, एक आठवडा. साखळीत आणि बाजारात गेलेला पहिला आठवडा दोन बैठकांत भरून काढला आणि कॅलेंडरला गाठलं. हे मी कोणाला सांगितलं नाही. ओळ दीड तासात संपायची आणि मी पुन्हा गॅस बघायला मोकळा. हात शिवशिवायचे, पण दुसऱ्या दिवसाची ओळ मी आदल्या दिवशी कधी केली नाही. तो दिवस अजून आलेला नव्हता.

पिवळा पट्टा झाला. पांढऱ्या पट्ट्यात एके दुपारी मुलीच्या पोटात कळा आल्या आणि तासाभराने थांबल्या. ती ओळ माझ्या घट्ट हातामुळे आजही आवळलेली दिसते. मग पिस्ता, आणि त्यात मागच्या वेळचा तो आठवडा मागे पडला. मग पुन्हा पिवळा. तीस आठवडे झाले.

त्या दिवशी मुलीने मफलर पलंगावर पसरायला सांगितला आणि ती बघतच राहिली. तो खाली रुंद होता आणि वर चिंचोळा होत गेला होता. तिने वरची ओळ मोजली. ब्याऐंशी.

"बाबा, तुम्ही प्रत्येक ओळीत शेवटचा टाका सोडताय. रोज एक टाका गळलाय."

अठ्ठावीस ओळी रोज फाइल तपासणाऱ्या नजरेने मी बघत होतो, आणि मला दिसलं नव्हतं. मुलगी समजुतीने म्हणाली, "नो टेन्शन. सगळं उसवा, परत करा. तुमच्यासारख्याला चार दिवसांचं काम."

मी हॉलमध्ये जाऊन धागा ओढला. एक ओळ सरसर निघाली. ती कालची होती. दुसरी निघायला लागली आणि मी थांबलो. उसवत गेलो तर पिवळा पट्टा जाणार, मग पिस्ता जाणार. पिस्ता मला घालवायचा नव्हता. मी घाईघाईने सुई घालून उसवलेलं पुन्हा विणलं, जसं होतं तसं, चुकीचंच. मुलीला सांगितलं, डोळे दुखतायत. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला.

दोन दिवस मी त्याला हात लावला नाही. दोन दिवसांच्या ओळी राहिल्या म्हणून आणखी घाबरलो. तिसऱ्या दिवशी दुपारी, मुलगी झोपलेली असताना, बायकोने स्वयंपाकघरात गाठलं. "उसवत का नाही तुम्ही?"

मी गॅसचं बटण चाचपत सांगितलं, "ते आठवडे आहेत."

ती हसेल असं वाटलं होतं, आणि तिला तो हक्कही होता. पण ती स्टुलावर बसली. म्हणाली, "मागच्या वेळी मी टोपडं विणलं होतं. बाळासाठी, कोणाला न सांगता. ज्या दिवशी पूर्ण केलं, त्याच्या तिसऱ्या दिवशी फोन आला."

मी म्हटलं, "अगं, त्याचा आणि ह्याचा काय संबंध?"

"मला माहितीये काही संबंध नाही. तुम्हाला पण माहितीये ना? मग उसवा."

मी हॉलमधून मफलर घेऊन आलो. टोपडं कुठे आहे विचारलं तर म्हणाली, "माझ्या बॅगेच्या तळाशी. दोन वर्षं आहे." त्याच बॅगेतून मी दर महिन्याला तिची औषधं काढून देत होतो. मागच्या वेळी हॉस्पिटलातून परतताना मी तिला म्हणालो होतो, होतं असं, पोरीचं वय आहे अजून. आणि ह्या वेळी तिच्या नियमाची पोटभर टिंगल केली. मला स्वतःची फार लाज वाटली. तसं सांगितलंही, पण ते नीट सांगता आलं नाही.

तिने माझ्या हातातलं चिंचोळं टोक घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. "उसवू नका," म्हणाली. "जेवढे गळले तेवढे आता वाढवा. रोज एक." मग बोटांवर मोजून बघितलं. "चौतीस आठवडे होतील तेव्हा पुन्हा एकशे दहा."

त्या दुपारी राहिलेल्या ओळी भरून काढल्या आणि पुढे रोज शेवटच्या घरात दोन खांब घातले. आता मोजायला ती शेजारी बसायची. सुईला हात लावायची नाही, पण बोटाने एकेक खांब दाबत मोजायची. नव्वद झाले. शंभर झाले. पांघरुणाला मधे डमरूसारखी कंबर आली. मुलगी म्हणायची, "हे काय चाललंय तुम्हा दोघांचं?" आम्ही म्हणायचो, मफलर.

एकशे सहा झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला हॉस्पिटलात न्यावं लागलं. चार टाके कमी होते. तिथल्या कॉरिडॉरमध्ये मी किती चाललो कोणास ठाऊक. त्या दिवशी मला कोणी बस म्हटलं नाही. बायको मात्र एका खुर्चीत हलली नाही. जावई बाहेर आला तेव्हा तिने मुलगा की मुलगी विचारलं नाही, वजन विचारलं नाही.

"रडलं का?"

"रडली," तो म्हणाला. "खूप रडली."

नात तीन आठवडे काचेच्या पेटीत राहिली आणि मग घरी आली. पांघरूण तोवर सुई अडकवलेल्या अवस्थेत कपाटावर होतं. मी ते काढलं आणि म्हटलं, पांढरी लोकर घेऊन चार ओळी पुऱ्या करतो. बायको उठली, बॅग उघडली आणि तळाशी हात घालून टोपडं घेऊन आली. फिकट निळं, मुठीत मावेल एवढं.

तिने कात्रीने गाठ कापली आणि धागा ओढायला लागली.

"अगं, राहू दे ना ते," मी म्हणालो. ती ओढत राहिली. धागा वळ्या पडलेला, कुरळा निघत होता आणि ती तो बोटाभोवती गुंडाळत होती.

मुलगी मांडीवर बाळ घेऊन बघत होती. तिने ते कधी पाहिलेलं नव्हतं. "आई, हे कोणाचं?"

"थोरल्याचं."

"थोरला म्हणजे?"

बायकोने मान वर केली नाही. "मोठा," ती म्हणाली. "बड़ावाला."

मुलीने बाळाला छातीशी धरलं. सगळं टोपडं उसवून झालं तेव्हा बायकोने निळा गुंडा माझ्या हातात दिला.

"चार ओळी," ती म्हणाली. "आणि मोजून करा. आता एकही गाळू नका."