रुमालाखालचं बोट

सरांनी मला फसवलं, हे मी अर्ध्या सांगलीला सांगितलंय. मी नाटककारांना फसवलं, हे आजवर कुणालाच नाही — बायकोलासुद्धा नाही.

माझं हळदीचं अडत दुकान. शिक्षण सातवीपर्यंत, पण बाहत्तरच्या सुमाराला साताऱ्याच्या एका विनोदी नाटककारानं मला वेड लावलं. विश्रामबागेत राहणारे कॉलेजातले एक सर त्यांच्यावर पुस्तक लिहीत होते. रविवारी आम्ही काही जण सरांकडे जमून ती नाटकं वाचायचो, त्यांवर वाद घालायचो. एकदा मी म्हणालो, "सर, ह्यांचा विनोद म्हणजे आमचा रुमालाखालचा सौदा. तोंड हसतंय, खरा भाव हाताला कळतोय." आम्ही हळदीचा भाव तसाच ठरवतो — हातांवर रुमाल टाकून, एकमेकांची बोटं दाबून. पुढे भर व्याख्यानात सरांनी ते वाक्य स्वतःचं म्हणून सांगितलं. टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत. माझा माल, माझ्यादेखत, दुसऱ्याच्या नावानं खपला!

माझं डोकं एरवी लगेच तापतं. मग तेव्हा गप्प का बसलो? कारण सर मला नाटककारांच्या घरी नेणार होते. म्हातारा आजारी होता. आयुष्यभर स्वतःबद्दल अवाक्षर न काढलेला तो माणूस आता सरांना सगळं सांगायला तयार झाला होता.

गेलो. सर त्यांचं औषध आणायला चौकात गेले, आम्ही दोघंच राहिलो.

"अहो हळदवाले," ते म्हणाले, "आजवर लग्नाला हळद लागायची. आता माझं नाटक समजायलाही लागते म्हणे!"

म्हणजे सरांनी इथं ते वाक्य माझ्याच नावानं सांगितलं होतं. हे मला तेव्हाच कळलं — ऐकताय ना? तेव्हाच.

"आवं, आमी आडाणी मानसं," मी म्हणालो.

"अडाण्यांनीच तिकिटं काढली माझी. दाखवा तुमची विद्या." त्यांनी उपरणं आमच्या हातांवर टाकलं. मग हसू गेलं. "माझा जन्म या मास्तराच्या हाती द्यावा का? द्यावा, तर पंजा दाबा. नको, तर एक बोट."

आमच्या बाजारात तोंडानं कुणी काहीही बोलो, चालतं. रुमालाखाली खोटं चालत नाही. तिथं खोटं केलेल्याच्या हातात पुन्हा कुणी हात देत नाही. आणि सर त्या नाटकांवर जीव टाकत होते, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

त्यांचा हात गार होता. मी एक बोट दाबलं.

सर परतले तेव्हा ते भिंतीकडे वळून पडले होते. "मास्तर, नाटकांवर लिहा. माझं राहू दे."

एस.टी.त सरांनी विचारलं, "माझं काही चुकलं का हो?"

"म्हातारी मानसं, सर. लहरी असत्यात."

त्याच थंडीत नाटककार गेले. पुस्तक निघालं. त्यात नाटकं आहेत, विचार आहेत, आणि आयुष्याला पाऊण पान. ज्यानं एवढ्यांना हसवलं तो एकटा असताना कसा होता — आता कोण सांगणार?

वाक्याचा राग अजून आहे. तो मी या हिशेबात वळता करणार नाही. सर, तुम्ही हे वाचाल. दुकानात या. भर सौद्यात, चार माणसांदेखत मला विचारा, म्हाताऱ्याचं ते दार तुम्हाला का बंद झालं. जाब मीच द्यायचा आहे.

रुमाल नको. तोंडानं सांगेन.