अण्णांचा उसना आवाज

अण्णा बोलायच्या आधी रिक्षा बंद करायचे. चालत्या रिक्षातून भोंग्यावर बडबडत जाणाऱ्या माणसाविषयी त्यांचं मत फार वाईट होतं. कोल्हापुरात गंगावेशीच्या कोपऱ्यावर रिक्षा थांबायची, इंजिनाची धडधड बंद व्हायची, अण्णा खाली उतरायचे, खांद्यावरचा टॉवेल सारखा करायचे आणि माईक तोंडाशी धरून समोरच्या घरांकडे एकदा नीट बघून घ्यायचे. मग तो आवाज यायचा. भरदार, सावकाश, भाकरी थापणारी बाई हात थांबवून ऐकेल असा. "ऐका मंडळी. उद्या मंगळवारी आपल्या भागात पाणी येणार नाही. हंडे-कळश्या आजच भरून ठेवा. मी स्वतः बघून आलोय."

हे शेवटचं वाक्य प्रत्येक पुकाऱ्याला असायचं. कुस्तीचं मैदान असो, साड्यांचा सेल असो, हरवलेली म्हैस असो की कुणाची मयत, अण्णा स्वतः बघून आल्याशिवाय भोंग्याला हात लावायचे नाहीत. पाणी येणार नाही असा निरोप आला तर रिक्षा आधी पंपाच्या खोलीकडे जायची. तिथला माणूस वैतागून म्हणायचा, "अण्णा, कागद दिलाय की तुम्हाला." अण्णा म्हणायचे, "कागद दिलाय व्हय, पण मोटर बंद दिसंना की मला." मोटर खोललेली बघूनच ते परत फिरायचे.

एकदा एका साडीवाल्या दुकानदाराने त्यांच्याकडून 'सेलचा आज शेवटचा दिवस' असं पुकारून घेतलं. दुसऱ्या दिवशी सेल चालूच. अण्णा दुकानदाराशी भांडले नाहीत. त्यांनी रिक्षा काढली, स्वतःचं पेट्रोल जाळलं आणि काल जिथे जिथे थांबले होते त्या प्रत्येक चौकात पुन्हा थांबून सांगितलं, "ऐका मंडळी. काल मी शेवटचा दिवस म्हणालो. तो शेवटचा नव्हता. माझी चूक झाली." दुकानदार महिनाभर तोंड लपवत फिरत होता. आमच्या भागातल्या बायका मात्र त्यानंतर अण्णांच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवायला लागल्या.

माझं दुकान त्याच रस्त्यावर आहे. झेरॉक्स, लग्नपत्रिका, आणि आत काचेच्या कपाटाएवढ्या खोलीत रेकॉर्डिंग. हळूहळू सगळे लोक पुकारा रेकॉर्ड करून पेनड्राइव्हवर नेऊ लागले, तरी अण्णा माझ्याकडे यायचे ते फक्त मजकूर टाइप करून घ्यायला. "पोरी, अक्षर मोठं कर. चष्मा लावून पुकारलं की माणसं मला मास्तर समजतात." मी म्हणायचे, अण्णा, एकदा रेकॉर्ड करा आणि घरी बसा, रिक्षा फिरेल आपली आपण. ते हसायचे. "आन् चौकात कुणी काय इचारलं तर पेनड्राइव्ह सांगणार हाय व्हय?"

मग त्यांचा आवाज बसला. आम्ही सगळ्यांनी लवंग सांगितली, ज्येष्ठमध सांगितलं, हळदीच्या गुळण्या सांगितल्या. आवाज बसलेलाच राहिला. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की कॅन्सर आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. ही बातमीसुद्धा अण्णांनी मला दुकानात उभ्या उभ्याच सांगितली. "फोटो बघितला मी मशीनवर. हाय खरं," एवढंच म्हणाले.

पुढचं सगळं माझं डोकं. आवाजाचे नमुने दिले की हुबेहूब तसाच आवाज बनवून देणारी एक सोय नेटवर आहे, हे मला धंद्यामुळे माहीत होतं. आपण टाइप करायचं, ते त्या आवाजात बोलतं. ऑपरेशनला चार दिवस होते. मी अण्णांना काचेच्या खोलीत बसवलं आणि वाचायला पेपर दिला. त्यांनी पेपर बाजूला ठेवला. म्हणाले, "ह्यातलं मी काय बी बघितलेलं न्हाय. मी वाचणार न्हाय." आता काय करायचं? मग ते आपले आपण बोलायला लागले. चाळीस वर्षं ज्या वाटेने रिक्षा फिरली ती वाट त्यांनी गल्ली गल्ली करत सांगितली. गंगावेशीपासून दुधाळीपर्यंत, तिथून नदीकडे, कुठे कडुनिंब होता, कुठल्या घरातली म्हातारी भोंगा ऐकून नेहमी शिव्या द्यायची, कुठे कुत्रं मागे लागायचं. बसलेल्या घशाने दोन दिवस बोलले. जुन्या कॅसेटमधले कुस्ती मैदानाचे पुकारेही मी शोधून जोडले. मशीनने सगळं गिळलं आणि एका दुपारी मला अण्णांचा जुना, भरदार आवाज परत दिला. मी खुर्चीत बसून रडले. खोटं कशाला सांगू, त्यात थोडा अभिमानही होता.

ऑपरेशननंतर अण्णांच्या गळ्याला एक भोक राहिलं, श्वास तिथूनच. त्यावर ते पांढरा रुमाल बांधायचे. मी फोनमध्ये सगळं बसवून त्यांच्या घरी गेले. त्यांची बायको, मालनकाकू, स्वयंपाकघरात होत्या. अण्णांनी एका बोटाने बराच वेळ खुडबुड केली आणि फोन बोलला, "मालन, चहा ठेव." आतून काकू सवयीने म्हणाल्या, "ठेवते की." मग भांडं पडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या आणि अण्णांच्या हातातल्या फोनसमोर खालीच बसल्या. ज्या मशीनला मी आज शिव्या देते, त्याच मशीनने त्या घराला ते दिवस दिले, हे नाकारलं तर मी खोटी ठरेन. दोघं पुन्हा भांडायला लागले. अण्णा टाइप करेपर्यंत काकू चार वाक्यं पुढे गेलेल्या असायच्या आणि फोन मागून ओरडायचा. अण्णांनी मला एकदा टाइप करून ऐकवलं, "हे माझ्यापेक्षा चांगलं बोलतंय. खोकत न्हाय."

गणपतीला तालमीची पोरं आली. महाप्रसादाचा पुकारा अण्णांच्या आवाजात पाहिजे म्हणाली. अण्णा खूश झाले. "दे पोरांना," म्हणून फोनमधून त्यांनीच मला सांगितलं. दर वेळी मला कोण उठवणार, म्हणून मी त्या सोयीचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून दिला. एवढंच केलं मी. पोरांनी हरवू नये म्हणून चिठ्ठीचा फोटो काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर दोनशे माणसं होती. त्या वर्षी कोल्हापुरात निम्मे पुकारे अण्णांच्या आवाजात झाले. बारशाचं आमंत्रण, दुकानाचं उद्घाटन, वाढदिवसाच्या थट्टा. लोक हसायचे, अण्णाही हसायचे. पण एक दिवस त्यांनी फोन बाजूला ठेवून मला पाटीवर लिहून दाखवलं, 'यातलं मी काहीच बघितलेलं नाही.' मी म्हणाले, गंमत आहे अण्णा, चालतंय. पासवर्ड त्याच दिवशी बदलायला हवा होता. पण धंदा त्यावर चालला होता आणि मी बदलला नाही.

पुढच्या पावसाळ्यात पंचगंगा पात्राबाहेर आली. ते आम्हाला नवीन नाही. चार दिवस झड लागली होती आणि जो तो बंधाऱ्याची पातळी किती फूट झाली तेवढंच विचारत होता. पाचव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला सगळ्यांच्या फोनवर एकदमच तो मेसेज आला. "ऐका मंडळी. धरणाचे सगळे दरवाजे एकदम उघडलेत. तासाभरात पाणी गल्लीत येतंय. आहे तसे बाहेर पडा." मग नदीकडच्या गल्ल्यांची नावं, ज्या क्रमाने अण्णांची रिक्षा जायची अगदी त्याच क्रमाने. आणि शेवटी, "मी स्वतः बघून आलोय."

सरकारी मेसेज असता तर लोकांनी आधी चहा घेतला असता. हा अण्णांचा आवाज होता. दहा मिनिटांत गल्ल्या माणसांनी वाहायला लागल्या. माणसं म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन निघाली, गाठोडी, गॅसच्या टाक्या, दावं तोडून सुटलेल्या म्हशी, सगळं एकाच अरुंद रस्त्यावर. मी शटर ओढत होते तेव्हा अण्णा पळत येताना दिसले. शेजारच्या फोनवर त्यांनी स्वतःलाच ऐकलं होतं. ते दोन्ही हात हलवून लोकांना अडवत होते. लोक म्हणत होते, "अण्णा, तुम्हीच सांगितलंय की! व्हा बाजूला!" अण्णांनी टाइप केलं आणि फोन बोलला, "खोटं हाय. मी बोललो न्हाय." डोक्यावर गाठोडं घेतलेली एक बाई थांबली. तिने आपल्या फोनकडे बघितलं, अण्णांच्या फोनकडे बघितलं. दोन्हीकडे तोच आवाज. "मग ह्यातलं खरं कोण म्हणायचं?" असं विचारून ती पुढे गेली.

अण्णांनी फोन खिशात घातला. तालमीच्या फळ्यावर खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं, 'खोटं आहे.' पावसाने ते पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. मग त्यांनी लिहिणं सोडलं आणि एका हाताने गळ्यावरचा रुमाल दाबून, दुसरा हात आडवा धरून ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. भोकातून पाणी आत गेलं तर जिवावर बेतेल असं डॉक्टरांनी बजावलेलं मला माहीत होतं. मी छत्री धरली तर ती त्यांनी ढकलून दिली, छत्रीमागे त्यांचा चेहरा दिसेना म्हणून. सहा वाजेपर्यंत ते तसेच उभे होते. पाणी आलं नाही.

त्या पळापळीत गल्लीतल्या सरूआक्का जिन्यावरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. अण्णा अंगात ताप घेऊन त्यांच्याकडे गेले, सोबत मी. सरूआक्का काही रागाने बोलल्या नाहीत, तेच वाईट झालं. म्हणाल्या, "दुसरं कुणी वरडलं असतं तर मी उठलो नसतो बघ अण्णा. तुझा आवाज आला म्हणून उठलो." अण्णा खाटेजवळ बसले आणि त्यांनी खाटेच्या कडेला कपाळ टेकवलं. त्यांची बोटं खिशातल्या फोनकडे गेली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानात आले. फोन माझ्यासमोर ठेवला आणि पाटीवर लिहिलं, 'पुसून टाक.' मी म्हणाले, पासवर्ड बदलते, तक्रार दिलीये, ज्याने केलं तो सापडेल. त्यांनी पाटीवरच्या त्याच दोन शब्दांवर बोट ठेवलं. मागोमाग काकू आल्या होत्या. पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या, "घरात तेवढा राहू दे की हो. मी कुणाला ऐकवणार न्हाय." अण्णांनी त्यांच्याकडे बघितलं. मग मान हलवली, नाही म्हणून. त्यांच्या देखत मी सगळं पुसलं, कॅसेटचं, काचेच्या खोलीतलं, ते दोन दिवस. जे बाहेर गेलं होतं, ते पुसायची सोय कुठेच नव्हती. मेसेज करणारा कधी सापडला नाही. कदाचित त्याला नुसती गंमत करायची असेल.

त्या भिजण्याने अण्णांच्या छातीला जे धरलं ते सुटलं नाही. दसऱ्याच्या आधी एका सकाळी ते गेले. काकूंच्या शेजारी मी बसले होते. तालमीच्या पोरांनी तिरडीचं सामान आणलं, लाकडं सांगितली. सगळी धावपळ त्यांनीच केली. पोरांची माया खरी होती, यात मला शंका नाही. तेवढ्यात चौकातून रिक्षाचा भोंगा ऐकू आला. "ऐका मंडळी. सर्वांचे लाडके, भोंगेवाले अण्णा आज सकाळी आपल्याला सोडून गेले. अंत्ययात्रा बारा वाजता निघेल." पोरांना वाटलं होतं, अण्णांची शेवटची बातमी अण्णांच्याच आवाजात जावी, यापेक्षा मोठा मान कुठला. कुणाच्या तरी फोनमध्ये जुने पुकारे शिल्लक होते, त्यावरून त्यांनी तो आवाज पुन्हा बनवून घेतला होता.

काकूंनी चमकून अण्णांच्या तोंडाकडे बघितलं. मग पदर तोंडात कोंबला.

रिक्षा सगळीकडे फिरली. बारा वाजले, एक वाजला. उभ्या जन्मात त्या माणसाने आमच्या भागातली प्रत्येक मयत सांगितली होती. त्याच्या दारात गर्दी मावणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो. आले ते घरचे, शेजारचे आणि तालमीची पोरं. मी रस्त्यावर येऊन बघितलं तर दुकानं उघडी, गिऱ्हाईकं चालू. ओळखीच्या भाजीवालीला विचारलं, मावशी, ऐकलं नाही का? ती म्हणाली, "ऐकलं की. मेल्यांना लाज न्हाई, जित्या माणसाची मयत पुकारत्यात. अण्णाला कळलं तर काय वाटंल त्येला?" आणि तिने माझ्यासमोर मेथीची जुडी धरली. दोन वाजता मोजक्या खांद्यांवर आम्ही अण्णांना नदीला नेलं.

खरं कळेपर्यंत रक्षाविसर्जन होऊन गेलं होतं. मग मात्र माणसांची रीघ लागली. बाहेरच्या सोप्यात बसायला जागा पुरेना. सरूआक्कांचा मुलगा आला, साडीवाला दुकानदार आला, भाजीवाली आली आणि उंबऱ्यातच रडायला लागली. सगळे एकच म्हणत होते, "काकू, आम्हाला कळलंच न्हाय हो." काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"न्हाय कसं?" त्या म्हणाल्या. "दारादारात येऊन सांगितलं की त्यांनी."