ब्रेक लागतात

आमच्याकडे मोटार आली ती दुसऱ्या कुणाचा तरी तिच्यापायी जीव मेटाकुटीला आल्यावर. म्हसळ्यात तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मोटारी, आणि त्यांतली सगळ्यात लहान आमची. हे डॉक्टर. खेड्यापाड्यांतून बोलावणं यायचं आणि बैलगाडीनं पोचेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असायचा, म्हणून ती घेतली. मला ते पटलंही होतं. पण आधी टायर गेले, मग बॅटरी गेली, आणि दोन्ही वेळा शिवणयंत्रासाठी मी डब्यात साठवलेले पैसे बाहेर निघाले. तिसऱ्यांदा डब्याला हात लावू देणार नाही, हे मी यांना जेवताना स्पष्ट सांगून टाकलं.

त्यानंतर महिन्याभरातच ब्रेकचं पॅडल खोल जायला लागलं. माणगावचा एक मेकॅनिक एस.टी.नं आमच्याकडे येत असे. तो म्हणाला, आतले लायनर, म्हणजे चाक दाबून धरणाऱ्या पट्ट्या, झिजले असतील तर मुंबईहून मागवावे लागतील. चारी चाकांचे मिळून सत्तर रुपये, मजुरी वेगळी. पुढच्या खेपेला चाकं काढून बघतो आणि मग सांगतो. डब्यात तेव्हा ऐंशी रुपये होते. मी त्या रात्री नीट झोपले नाही, आणि काळजी ब्रेकची नव्हती.

पुढच्या खेपेला तो आला तेव्हा हे जवळच्या वाडीत रोगी बघायला गेले होते. मी भाकऱ्या टाकत होते. पिठाच्या हातानंच दारात आले आणि विचारलं, "काय हो, ब्रेक लागतात ना?"

तो गाडीखाली आडवा होता. तिथूनच म्हणाला, "व्हय वैनी, लागतात. चारी चाकांचे लागतात. डाक्टरांना तेवढं सांगा." मग त्यानं चाकं परत बसवली, चिंधीला हात पुसले आणि एस.टी. गाठायला पळाला.

मला पडत्या फळाची आज्ञा. ब्रेक लागतात म्हणजे धरतात, म्हणजे गाडी थांबते, म्हणजे डबा शाबूत. सगळं ठीक असतं तर 'डाक्टरांना सांगा' असं तो कशाला बजावेल, हा विचार मनात आला होता. तो आला नाही असं मी आज म्हणणार नाही. तव्यावरची भाकरी करपत होती, मी आत गेले.

हे आल्यावर म्हणाले, "काय म्हणाला?"

"लागतात म्हणाला. चारी चाकांचे."

"म्हणजे खर्च नाही?"

"नाही," मी म्हणाले.

चौथ्या दिवशी तळा गावाच्या वाटेवर, उतारावर, पॅडल तळाला गेलं आणि गाडी थांबली नाही. एका बाजूला दरी होती. यांनी गाडी डोंगराच्या अंगाला घातली. जीव वाचला, पण हातातल्या स्टिअरिंगच्या हिसड्यानं उजवं मनगट मोडलं. मुंबईला जाऊन प्लास्टर झालं. ते निघालं तेव्हा अंगठा आखडला होता तो आखडलेलाच राहिला. पेन धरता यायचं, सुई धरता येईना.

मेकॅनिक भेटायला आला. ओसरीवर बसला, चहाला हात लावला नाही. "डाक्टर, मी वैनींना सांगितलं व्हतं, ब्रेक लागतात म्हणून. नवीन घालायला लागतात, तवर गाडी काढू नका."

शेवटचं वाक्य तो त्या दिवशी बोलला नव्हता. पण पहिलं बोलला होता, आणि ते त्याच्या बाजूनं खरं होतं. मी खांबाला धरून उभी होते. आता हे माझ्याकडे बघतील, विचारतील, असं वाटलं.

हे म्हणाले, "तिनं मला शब्द न् शब्द सांगितला. मीच उलटं समजलो."

'खर्च नाही?' हे त्यांनी विचारलं होतं, 'नाही' हे मी म्हटलं होतं, आणि दोघांनाही ते लख्ख आठवत होतं. ते रागावले असते तर मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. त्यांनी ती सोय ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी मी डबा त्यांच्यापुढे ठेवला आणि लायनर मुंबईहून आले.

दवाखान्यात जखमा यायच्या थांबल्या नव्हत्या. भातकापणीत तर कोयत्याच्या रोजच. महिनाभर यांनी मला जुन्या चादरीवर टाके घालायला शिकवलं. पहिला आला तो नडगी कापलेला एक म्हातारा शेतकरी. माझ्या हातात सुई बघून तो मागे सरकला. हे माझ्या शेजारी उभे होते, उजवा हात खिशात.

"घाबरू नको, बाबा," ते म्हणाले, "हिला शिवणाची हौस पहिल्यापासूनची."

म्हातारा हसला आणि त्यानं पाय पुढे केला. मी सुईत दोरा ओवायला घेतला, तो तीनदा चुकला.