मेतोदीचा उणे दहा मिनिटांचा प्रोग्राम

आमच्या बल्गेरियातल्या द्रागोमानच्या बस कंपनीत मेतोदी यानाकीव बावीस वर्षं एकच काम करत आला: ड्रायव्हरांच्या आठवड्याच्या पाळ्या लावणारा प्रोग्राम सांभाळणं. लिहिलाही त्यानंच. माणूस सरळ, इतका की कधीकधी चीड यावी. पेन्शनला दोन वर्षं उरली आणि त्सोलोव नावाचा नवा संचालक आला, वय चौतीस.

"मेतोदीकाका, तुमचा प्रोग्राम किती वेळ घेतो?"

"घेतो की. कॉफी होते, पेपर वाचून होतो."

"मिनिटांत सांगा. अर्ध्या तासावर गेला तर मी सोफियाहून तयार प्रोग्राम आणणार. मग तुम्ही घरी बसा."

मेतोदी लगेच कामाला लागला. त्यानं एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: प्रोग्राम सुरू होताना घड्याळ बघ, संपल्यावर पुन्हा बघ, वजाबाकी कर, आकडा साहेबांना पाठव. बिचाऱ्यानं आकडा पाठवण्याआधी दोनदा मोजून पाहिलं. दोन्ही वेळा पन्नास मिनिटं.

शुक्रवारी तो सासूकडे जातो, सीमेपलीकडे सर्बियातल्या त्सारिब्रोदला. त्या शुक्रवारीही गेला. बस नऊला हलली तेव्हा त्यानं मांडीवरच्या लॅपटॉपवर शेवटची मोजणी लावली. नाक्यावर रांग नव्हती. पलीकडे घड्याळं एक तास मागे, तेव्हा लॅपटॉपनंही इमानानं आपलं घड्याळ मागे घेतलं. नऊला सुरू झालेला प्रोग्राम आठ पन्नासला संपला. स्क्रिप्टनं वजाबाकी केली आणि साहेबांना कळवलं: उणे दहा.

सोमवारी त्सोलोवनं त्याला सगळ्यांसमोर मिठीच मारली. "सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं संपतो! अख्ख्या देशात असा प्रोग्राम नाही!"

"अहो साहेब, घड्याळ मागे गेलं. खरी पन्नासच."

"ऑफिसात पन्नास ना? त्याला इथली हवा मानवत नाही. दर शुक्रवारी बसमध्येच चालवायचा!"

आता बोला! आनंदाची बातमी ज्याची, त्यानं चॉकलेटं वाटायची, म्हणून मेतोदीला खाली जाऊन डबाही आणावा लागला.

पुढं वर्षभर हेच. नाक्यावर रांग लागली की मेतोदीच्या जिवाची घालमेल. पन्नास मिनिटांत सीमा ओलांडली नाही तर खरा आकडा जायचा आणि नोकरी गेलीच. "अरे बाबांनो, शिक्के मारा पटापट, माझा प्रोग्राम संपत आलाय!" असं तो पोलिसांना ओरडायचा. ते त्याचं सामान तपासत बसायचे.

पण त्या वर्षात बसमध्ये करायला दुसरं काय होतं? तो आपला प्रोग्राम वाचत बसला. एका पाळीसाठी सगळे ड्रायव्हर पुन्हा पुन्हा धुंडाळले जात होते, ते त्याला दिसलं. बावीस वर्षं दिसलं नव्हतं! त्यानं ते काढलं, गाठी सोडवल्या, आणि एका शुक्रवारी बस गावाबाहेर पडते न पडते तोच प्रोग्राम संपला. चार मिनिटं. खरी चार. मेतोदीला इतका आनंद झाला की शेजारच्या अनोळखी बाईचा हात त्यानं दाबला.

सोमवारी त्सोलोवचं तोंड उतरलेलं. "चार? उणे दहावरून चारवर? काका, चौदा मिनिटांनी घसरलात! वय झालं का आता?"

"साहेब, ही चार खरी आहेत हो!"

"वरती मी उणे दहा कळवून बसलोय. या शुक्रवारी तेच आलं नाही तर सोफियावाल्यांना फोन करतो."

मेतोदी जागेवर येऊन बसला. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम हातून झालं होतं. त्यानं प्रोग्रामच्या शेवटी एक ओळ घातली: काम झाल्यावर शेहेचाळीस मिनिटं गप्प बस.

शुक्रवारी बस निघाली. चौथ्या मिनिटाला पाळ्या लागून तयार झाल्या. शेजारच्या बाईनं लॅपटॉपकडे पाहून विचारलं, "अजून चालू आहे का हो?"

"नाही," मेतोदी डोळे पुसत म्हणाला. "केव्हाच झालंय. पण त्यानं ते सांगायचं नाही."