चुडामण नानांच्या गाडीतली दुसरी बॅटरी

चुडामण नाना एसटीत ड्रायव्हर होते. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी मुक्कामी गाडी चालवली. संध्याकाळी आडगावाला जाऊन पोचायचं, गाडी देवळापुढे लावून तिथंच झोपायचं आणि उजाडलं की तीच गाडी भरून परत यायचं. तानुबाई इकडे जळगावला, मेहरूणच्या दोन खोल्यांत, पोरांना सांभाळून असायची. नाना घरी आले की जेवताना त्या गावांच्या गोष्टी सांगायचे. अमक्या गावचं पाणी गोड, तमक्या गावची कुत्री वाईट, साक्रीच्या पुढल्या गावातली ताईबाई ड्रायव्हर-कंडक्टरला उपाशी झोपू देत नाही. तानुबाईला ही गावं तोंडपाठ झाली होती, पण पाहिलेलं एकही नव्हतं.

रिटायर झाल्यावर नाना म्हणाले, "आते तुले मी फिरावसू. काशीले जाऊत."

"माले काशी नको," तानुबाई म्हणाली. "तुम्हीन जठे मुक्काम करेत, त्या गावं दखाडा माले."

नानांनी काशीचा विषय सोडला. आणि त्या उन्हाळ्यात त्यांनी लग्नाच्या बँडवाल्याची एक जुनी मॅटाडोर घेतली.

गाडीचा रंग उडालेला, दारं खडखडणारी, पण इंजिन नानांनी कान लावून ऐकलं होतं. आतली बाकं काढून त्यांनी सुताराकडून एक लांब फळ्यांचा पलंग करवून घेतला. पलंगाखाली कपडे, भांडी, पिठाचा डबा. एका कोपऱ्यात रॉकेलचा स्टोव्ह, खिडक्यांना तानुबाईच्या जुन्या पातळाचे पडदे. वर एक छोटी ट्यूब आणि बसमध्ये ड्रायव्हरपुढे असतो तसला एक लहान पंखा. पंख्याचा हट्ट तानुबाईचा. खानदेशातल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या डब्यात झोपायचं तर एवढं हवंच, असं तिचं म्हणणं होतं, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

पहिली फेरी जवळची केली. एरंडोलला जाऊन पद्मालयाच्या गणपतीचं दर्शन घेतलं, तळ्याकाठी गाडी लावली, पिठलं-भाकरी खाल्ली. पंखा रात्रभर फिरला. तानुबाईला इतकी गाढ झोप कित्येक दिवसांत लागली नव्हती. सकाळी नानांनी किल्ली फिरवली तर गाडी नुसती कण्हली आणि गप्प झाली. इंजिन चालू करायची बॅटरी पंख्यानं पिऊन टाकली होती. शेवटी दर्शनाला आलेल्या माणसांनी धक्का दिला. गाडी सुरू झाली, पण नानांचं तोंड घरी येईपर्यंत उतरलेलंच होतं. ज्या माणसानं उभ्या नोकरीत पॅसेंजरला धक्का मारायला कधी खाली उतरवलं नाही, त्याच्या गाडीला भक्तांनी धक्का द्यावा!

धुळ्याला आग्रा रोडवर कय्युमभाईंचं बॅटरीचं दुकान होतं. नानांशी त्यांची डेपोपासूनची ओळख. नाना तानुबाईला घेऊन तिथे गेले. दुकानात सगळीकडे काळ्या पेट्या, तारा आणि नाकाला झोंबणारा आंबट वास. एक पोऱ्या सांडलेल्या ॲसिडवर पांढरी पूड टाकत होता आणि ती पूड फसफसून वर येत होती. तानुबाईनं वाकून पाहिलं. तो साधा खायचा सोडा होता.

नानांनी येतानाच मनाशी ठरवलं होतं, की ट्रकची मोठी बॅटरी घ्यायची. एकदा बसवली की आठवडाभर चिंता नको. कय्युमभाई हसले.

"नाना, मोठी बॅटरी म्हणजे मोठी टाकी. ती भरायला तुमच्या मॅटाडोरचा अल्टरनेटर पुरा पडला पाहिजे की नाही? तो बिचारा लहान. बॅटरी सारखी अर्धवट भरलेली राहिली की आतल्या प्लेटी खराब होतात. मग सहा महिन्यांत ती दारात ठेवायला वजन म्हणून कामाची." मग ते तानुबाईकडे वळले. "भाभी, पंखा किती वेळ लागतो तुम्हाला?"

आजवर गाडीबद्दल तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ती जरा विचार करून म्हणाली, "झोपल्यापासून पहाटेपर्यंत. पहाटे गार होतं. आणि दिवा जेवणापुरता."

त्यावरून कय्युमभाईंनी मधल्या आकाराची नवी बॅटरी काढून दिली. पंख्याची आणि दिव्याची तार त्या दुसऱ्या बॅटरीला जोडायची. दोन्ही बॅटऱ्यांच्या मध्ये एक बटण ठेवायचं. गाडी चालताना ते चालू ठेवलं की दोन्ही भरतात. गाडी उभी केली की ते बंद करायचं, म्हणजे पंखा रात्रभर चालला तरी इंजिनची बॅटरी शाबूत राहील. एवढं सगळं झाल्यावर त्यांनी बजावलं, "पण नाना, ही अशीच ठेवायची नाही. लोखंडी चौकट करून तळाला बोल्ट मारायचे. चार्ज होताना बॅटरी गॅस सोडते, तो बाहेर जायला पाइप पाहिजे. माझा वेल्डर गावाला गेलाय. पुढच्या आठवड्यात या."

नानांना दम कुठला. बॅटरी त्यांनी पलंगाखाली सरकवली आणि अंबाडीच्या दोरीनं पलंगाच्या पायाला आवळून बांधली. एसटीच्या टपावर बोचकी, सायकली, कोंबड्यांचे खुराडे बांधलेला माणूस तो. गाठ ओढून पाहत म्हणाले, "मनी गाठ आजलोंग सुटनी नै."

आणि खरंच, पुढचे दीड-दोन महिने काही झालं नाही. गाडी छान चालली. वेल्डरकडे जायचं आज-उद्यावर गेलं. पंखा फिरत होता, किल्ली मारली की इंजिन चालू होत होतं, नाना खूश होते.

मग एकदा ते चाळीसगावला लेकीकडे, मंदाबाईकडे गेले. दोन दिवस राहून धुळ्याच्या रस्त्यानं निघाले. भर दुपारची वेळ. तानुबाई मागे पलंगावर बसून शेंगा सोलत होती. वळणावर अचानक एक बैलगाडी आडवी आली. नानांनी कचकन ब्रेक मारला, चाक खड्ड्यात गेलं आणि पलंगाखाली धाडकन काहीतरी आदळलं. बॅटरी आडवी झाली होती. शेजारचं स्टीलचं पातेलं घरंगळून तिच्या तारा जोडलेल्या दोन्ही टोकांना भिडलं आणि निळ्या ठिणग्या उडाल्या. तानुबाई ओरडली. नाना गाडी थांबवून मागे धावले. तिला त्यांनी आधी खाली उतरवलं, मग फडक्यानं पातेलं बाजूला ओढलं, तार उपटली आणि बॅटरी उभी केली. तेवढ्यात त्यांच्या मनगटावर ॲसिड आलंच.

तानुबाईनं कळशी उचलली आणि त्यांचा हात धरून त्यावर पाणी ओतायला लागली. नाना म्हणत होते पुरे, पुरे. ती थांबली नाही. कळशी संपली, तेव्हा बैलगाडीवाल्याकडचं पाणी मागून घेतलं. मग तिनं डब्यातला खायचा सोडा काढला आणि गाडीत जिथं जिथं ओलं दिसलं तिथं भुरभुरला. धुळ्याच्या दुकानात पाहिलं होतं तसंच ते फसफसलं.

सगळं निवल्यावर नानांनी पलंगाखाली हात घालून दोरी ओढली. गाठ जशीच्या तशी होती. दोरी मात्र मधोमध विरघळल्यासारखी तुटलेली. बॅटरीतून उडणाऱ्या बारीक थेंबांनी ती रोज थोडी थोडी खाल्ली होती. पलंगाखाली ठेवलेल्या तानुबाईच्या गोधडीलाही तळहाताएवढं भोक पडलं होतं. ती गोधडी तिच्या आईनं शिवलेली.

तानुबाईनं भोकातून बोटं फिरवली. मग हळूच म्हणाली, "इतला वरीस पासिंजरस्ले जपनात तुम्हीन. नी माले दोरीवर सोडी दिन्हं?"

रस्त्याच्या कडेला, बाभळीखाली, नाना तिच्यासमोर उकिडवे बसले. मनगट लाल झालं होतं. "चुकनू मी," ते म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे शब्द तानुबाईनं त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले. तिला एकदम त्यांची कीव आली, आणि हसूही.

"हात दुखस का?" तिनं विचारलं.

"नै. चाल, धुळाले जाऊत. आतेच."

कय्युमभाईंनी ना टोमणा मारला ना उपदेश केला. आधी नानांना मलम लावायला शेजारच्या दवाखान्यात पिटाळलं, मग वेल्डरला हाक मारली. प्रश्न आला तो जागेचा. मलम लावून आलेले नाना म्हणाले, पलंगाखालीच, पण पक्की. तानुबाई म्हणाली, "नको. मी झोपते तिथे नको." तिनं ड्रायव्हरच्या सीटमागचा कोपरा दाखवला. तिथं तिचे पापड-लोणच्याचे डबे असत. तिनंच ते उचलले आणि बाहेर फुटपाथवर मांडले.

दिवस मावळेपर्यंत काम चाललं. लोखंडी अँगलची चौकट तळाच्या पत्र्यातून आरपार बोल्ट मारून बसवली, खाली रुंद वायसर घातले म्हणजे पत्रा फाटायचा नाही. बॅटरीखाली रबर. वरून एक लाकडी पट्टी, दोन्ही बाजूंच्या सळयांना नटांनी आवळलेली. दोन्ही टोकांवर रबरी टोप्या, तारेला बॅटरीजवळच फ्यूज, वर झाकणाची पेटी आणि पेटीतून गाडीबाहेर जाणारा पाइप. झाल्यावर कय्युमभाई म्हणाले, "भाभी, आता तुम्ही पास करा."

तानुबाईनं पदर खोचला, झाकण उघडलं आणि बॅटरी दोन्ही हातांनी धरून जोर लावून हलवली. गाडी हलली, बॅटरी नाही. "पास," ती म्हणाली, आणि कय्युमभाईंच्या बायकोनं, मदिनानं, घरून पाठवलेला चहा सगळ्यांनी फुटपाथवर डब्यांशेजारी बसून घेतला.

दिवाळी झाल्यावर ते साक्रीच्या पुढं गेले. ताईबाई आता पार थकली होती, ओट्यावर बसूनच असायची. नानांनी ओळख दिली तशी तिनं डोळ्यांवर हात धरून तानुबाईला न्याहाळलं.

"इतला वरीस यान्हा तोंडे तुनं नाव आयकं," ती म्हणाली. "तुले आज दखी, माय. बस."

"काय सांगेत मनं?" तानुबाईनं विचारलं.

"सांगे, मनी बायको पोरं सांभाळस म्हनीसन मी गाडी चालाडस."

नाना घाईघाईनं गाडीचं टायर बघायला गेले. तानुबाई ताईबाईच्या शेजारी ओट्यावर बसली. थोड्या वेळानं गल्लीतल्या बायका गाडी बघायला आल्या. पलंगावर दाटीवाटीनं बसल्या, पंखा चालू-बंद करून झाला, पडद्यांची चौकशी झाली. एकीनं सीटमागच्या पेटीवर टेकायला पाहिलं, तर तानुबाईनं तिला दंडाला धरून पलंगावर जागा करून दिली.

त्यानंतर बरीच वर्षं ती दोघं हिंडली. नानांच्या मुक्कामाची बहुतेक गावं तानुबाईनं पाहिली. काही तिला आवडली, काही आवडली नाहीत, आणि एका गावचं पाणी तर नाना म्हणायचे तसं मुळीच गोड नव्हतं. तसं तिनं त्यांना तोंडावर सांगितलं. नाना म्हणाले, विहीर बदलली असंल.